रतनभाऊंची झोप

कामाच्या अनुभवावर अंकासाठी लिहून दे, असं आमच्या मराठी मंडळाच्या संपादक काकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. असं लिहायचं तर तीस-चाळीस वर्षं नोकरी झालेली असावी लागते. माझ्या नावावर जेमतेम दोन उन्हाळे आहेत, आणि तेही मुलांच्या सुट्टीच्या शिबिरात बाटल्या भरून देणारी, नाकं पुसणारी ताई म्हणून. काका म्हणाले, "मिलच्या अनुभवांचे चार लेख आलेत. पोरांवर एकही नाही. तू लिही." मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे काही लिहायचं निघालं की घरातले सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी कोणाकडे बघायचं ते मला कळत नाही. म्हणून जसं घडलं तसंच लिहिते आहे.

शिबिर सुरतेत, आमच्या डिंडोलीतच असतं. बोरसे सर ते चालवतात. सर मराठी शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा रिक्षावाला मागे वळून बघतो. मे महिन्यात तीन आठवडे, सकाळी साडेआठ ते बारा. सहा ते बारा वर्षांची पन्नासेक मुलं. बहुतेकांचे आईवडील धुळे-जळगावकडून आलेले. काही मुलं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाला जाऊन परत आलेली असतात, काहींना जायलाच मिळालेलं नसतं.

लोकांना वाटतं शिबिराच्या ताईचं काम म्हणजे गाणी म्हणायची आणि टाळ्या वाजवायच्या. खरं तर पहिला अर्धा तास चपलांचा असतो. पन्नास जोड, त्यातले वीस निळे, एकाच लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, घेतलेले. पहिल्या वर्षी एक मुलगा तीन दिवस दुसऱ्याच्याच चपला घालून घरी गेला. घट्ट होत नाहीत का, विचारलं तर म्हणाला, "दीदी, मला वाटलं सुट्टीत पाय वाढले." एक मुलगी रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. सहा वर्षांखालच्याला घ्यायचं नाही असा नियम. ती ठासून सांगायची, "सहाचा आहे." मी त्याला विचारलं की तो सहा बोटं दाखवायचा आणि मोठ्यांदा म्हणायचा, "चार." दोन दिवस मी नियम सांगितला. तिसऱ्या दिवसापासून तो माझ्याच ओढणीला धरून हिंडू लागला.

मग मातीकाम, कागदकाम, खो-खो, कबड्डी, शेवटी रस्सीखेच. शुक्रवारी पाण्याचा खेळ. त्या दिवशी मुलं सातलाच येऊन उभी राहायची. बादली भरताना त्यांचे डोळे बघितले की मला माझ्या परीक्षा, फॉर्म, सगळं विसरायला व्हायचं. इतका आनंद इतक्या थोड्या पाण्यात मावतो, हे मी तिथे पाहिलं.

पण पहिल्याच वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ही मुलं आवाज करत नाहीत.

म्हणजे अगदी मुकी नव्हेत. पण खो-खोमध्ये "खो" म्हणायच्या जागी पाठीवर दोन चापट्या मारायची. कोणी बाद झालं की ओरडायच्याऐवजी दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. भांडणंसुद्धा ओठांनीच. दोन मुलगे एकमेकांसमोर उभे राहून, एक शब्दही बाहेर न काढता, काय काय बोलायचे ते ओठांवरून मला स्पष्ट कळायचं, आणि ते इथे लिहिता येणार नाही. बिस्किटाचा पुडा फोडताना तो फ्रॉकच्या घेरात धरायची. स्टीलच्या डब्याचं झाकण शर्टाच्या टोकाने उघडायची.

सरांना ते आवडायचं नाही. "अरे, पोरं आहात की पाहुणे?" म्हणायचे.

मला मात्र कारण माहीत होतं. मी त्याच घरातली आहे. माझे पप्पा पांडेसऱ्यात छपाईच्या मिलमध्ये आहेत. बारा तासांची पाळी, पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रात्रीची. रात्रपाळीचा माणूस सकाळी साडेआठ-नऊला घरी येतो, अंघोळ करून खातो आणि झोपतो. घर एका खोलीचं. त्याच खोलीत मुलांची सुट्टी. आमच्या आईने कुकरची शिट्टी कधी होऊ दिली नाही, चमच्याने आधीच उचलायची. आमचा चेंडू चिंध्यांचा होता. सुरतेत चिंध्यांना तोटा नाही. तो टप्पा खात नाही, पण पडल्याचा आवाजही येत नाही. मी आणि माझे दोघे भाऊ पप्पांच्या उशाशी पूर्ण क्रिकेट खेळायचो, अपील बोट वर करून.

ह्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. वाटलं ते कॉलेजात गेल्यावर. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला सगळी उत्तरं येत होती. मॅडम तीनदा म्हणाल्या, "जरा मोटेथी बोल, बेन." मी तीनदा प्रयत्न केला. आवाज निघेचना. मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं, की मला जमलं नाही ते ह्या मुलांना तरी शिकवायचं. मोठ्यांदा बोलायला.

दुसऱ्या वर्षी शिबिराच्या पहिल्याच दिवशी मी सरांना सुचवलं, की आवाजाचा झेंडा ठेवू या. मुलांचे नद्यांच्या नावांचे चार गट होते. तापी, अंबिका, गिरणा, पांझरा. रोज शेवटी प्रत्येक गटाने आपलं नाव गर्जायचं. ज्याचा आवाज मोठा त्याला झेंडा, तो दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा. सर इतके खूष झाले की म्हणाले, "मनीषा, हे तू कॉलेजात शिकलीस?" मी हो म्हटलं. आज त्याची लाज वाटते.

आणखी एक बदल झाला होता. आधीच्या वर्षी शिबिर शाळेच्या आवारात होतं. तिथे डागडुजीचं काम निघालं म्हणून ह्या वेळी एका सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर जागा घेतली. तिन्ही बाजूंनी रो-हाउसच्या मागच्या भिंती, मधे मोकळी जमीन, दोन कडुनिंब, एक पत्र्याची शेड. सावली छान. मला ती जागा फार आवडली. भिंतींना लहान खिडक्या होत्या, त्यांच्यावर चादरी टांगलेल्या. त्या चादरी कशासाठी, हा विचार मी केला नाही. आमच्या घरीही तशीच चादर टांगतात, तरीही केला नाही.

पहिले दोन दिवस मुलं बिचकली. तिसऱ्या दिवशी तापी गटाचा गोलू, दहा वर्षांचा, काडीसारखा, छाती फुगवून असा काही ओरडला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. सगळे हसले, आणि मग धरणाचं दार उघडावं तसं झालं. पन्नास मुलं एकमेकांवर चढून ओरडत होती. ओरडता येतं म्हणूनच ओरडत होती. मला रडू यायचं बाकी होतं. मला वाटलं, हे मी केलं.

एकच गट झेंडा मिळवत नव्हता, पांझरा. त्यात धनश्री होती. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हात कामसू. मातीकामात तिच्या बैलाला वशिंडसुद्धा असायचं. पण गर्जायची वेळ आली की ती ओठ मिटून उभी राहायची. एवढंच नाही, शेजारणीच्या तोंडावर हळूच हात ठेवायची. पांझराची मुलं वैतागली. "दीदी, इसको तापी में डालो ना!" "ही मुकी आमच्यातच का?"

मी तिला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "दीदी, पप्पा झोपलेत. नाइटला आहेत."

मी म्हटलं, "अगं, पप्पा घरी झोपलेत. इथे ग्राउंड आहे. इथे ओरडलं तर कोणी रागावत नाही."

ती काहीतरी सांगणार होती. तिने मागे भिंतीकडे पाहिलंही. पण मी पुढे बोलत राहिले. मला वाटलं, हे मी ओळखते. हे वाक्य मी स्वतः आयुष्यभर पांघरलं आहे. हिच्या अंगावरून ते काढलंच पाहिजे. ती सोसायटीच्या पुढच्या गेटाने वळसा घालून यायची, त्यामुळे तिचं घर कुठलं हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. ते विचारणं हेच तर ह्या कामातलं पहिलं काम.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी मी सगळ्यांसमोर तिचा हात धरून तिला पुढे आणलं. "आज पांझराच्या वतीने एकटी धनश्री ओरडणार. आपण सगळे थांबू या."

मुलं बोटं हलवून तिला धीर देऊ लागली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग तिने डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि ओरडली, "पांझरा!"

एवढ्याशा छातीतून एवढा आवाज. सरांनी शिट्टी वाजवली. मुलं नाचायला लागली. मी तिला उचलून घेतलं आणि तेव्हाच पाहिलं, की समोरच्या भिंतीतली चादर बाजूला झाली आहे. खिडकीत एक माणूस उभा होता. बनियनवर, केस विस्कटलेले, डोळे लाल. ओरडणारं कोण ते बघायला तो आला होता. त्याला माझ्या कडेवर आपली मुलगी दिसली. त्याने चादर परत खाली सोडली.

धनश्री माझ्या कडेवर लाकडासारखी ताठ झाली होती.

गुरुवारी ती आली नाही. शिबिर सुटल्यावर मी घर शोधत गेले. शोधायचं काय, त्या खिडकीच्या पुढच्या बाजूला दार. तिची आई ओट्यावर बसून साड्यांवरचे सुटे धागे कापत होती. कात्रीसुद्धा अशी चालवत होती की आवाज नाही.

"ये ताई, बठ. हळू बोल, त्या आत्तेच आडवा व्हयनात." नवरा आत्ताच आडवा झाला होता.

धनश्री आतल्या दारात उभी होती. माझ्याकडे न बघता आत गेली.

मग तिच्या आईने सांगितलं. तिचा नवरा, रतनभाऊ, डाईंगच्या मिलमध्ये जेट मशीनवर आहे. हे मशीन म्हणजे बंद लोखंडी हंडाच. आत कापड दोरासारखं उकळत्या रंगात फिरत राहतं. बाहेरच्या माणसाने रात्रभर उभं राहून तापमान बघायचं, वेळेवर रंग सोडायचा, वाफ कमी-जास्त करायची. डुलकी लागून चालत नाही.

"तीन दिन व्हयनात, डोळाले डोळा नही," ती म्हणाली. काल रात्री त्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली. वाफ वाढली, सगळ्या मालाची शेड, म्हणजे रंगछटा, बिघडली. हात झाकणाला लागला नाही एवढंच नशीब. "मास्टरनी सांगी दिन्हं, आखो एक डाव असं व्हयनं ते येऊ नको."

आणखी एकदा असं झालं तर येऊ नकोस, असं मिलच्या मास्टरने बजावलं होतं.

"त्यांनी धनश्रीला मारलं का?" मी विचारलं.

"नही वं माय. काहीच बोलना नहीत. त्येच ते." ती धागा तोडून म्हणाली, "पोर कालपासून जेवेल नही."

मी घरी गेले. पप्पा त्या पंधरवड्यात दिवसपाळीला होते, संध्याकाळी आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "तुला तर माहीत होतं ना बेटा." एवढंच. मला तर माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही बादल्या भरत होतो तेव्हा गेटाशी पाच-सहा माणसं येऊन उभी राहिली. रात्रपाळीहून सरळ आलेली, हातात डब्याच्या पिशव्या, नखांत निळा रंग. मागे रतनभाऊ होते, आणि त्यांच्या मागे धनश्री.

"सर, हे बंद करा," पुढचा वयस्कर माणूस म्हणाला.

सर म्हणाले, "अहो भाऊ, पोरं आहेत. खेळणारच."

"खेळू द्या ना. आमच्या कानात कशाला?"

"तुमचीच पोरं आहेत ही."

"आमची आहेत म्हणून हात जोडून सांगतोय. दुसऱ्याची असती तर पहिल्याच दिवशी आलो असतो."

दुसरी जागा नव्हती. शाळा मिळणार नव्हती, आणि साडेआठच्या आधी किंवा दुपारनंतर मुलं पाठवायला कोणाची आई मोकळी नव्हती. सर माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "मनीषा, मुलांना गप्प बसवून शिबिर होत नाही. आवरू या." मला बोलायचं होतं, की चूक माझी आहे, शिबिराची नाही. पण माझ्या घशाचं तेच झालं जे तोंडी परीक्षेत झालं होतं.

बोलला तो गोलू. बादलीत हात घालून उभा होता. "सर, बिना आवाजवाला खेलते हैं ना. घर पे तो रोज वही खेलते."

माणसं हसली. "पन्नास पोरं? एकवेळ मासळीबाजार गप्प होईल."

"शर्त लगाओ काका," गोलू म्हणाला.

तेव्हा रतनभाऊ पहिल्यांदा पुढे आले. आवाज अगदी खालचा. "माझं घर सगळ्यात जवळ आहे. मी आता जाऊन झोपतो. उठलो तर उद्यापासून इथे कुलूप. नाही उठलो तर चालू द्या." मग सरांकडे बघून म्हणाले, "सर, मला आज रात्री मशीनवर उभं राहायचंय. आजची झोप मला पाहिजे. मस्करी समजू नका."

आणि जाताना धनश्रीच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं. "हिला घ्या. मी कशाने उठतो ते हिला माहीत आहे."

त्या दिवशी शिबिर धनश्रीने चालवलं. मी अतिशयोक्ती करत नाही. तिने मुलांना कडुनिंबाखाली गोल बसवलं आणि कुजबुजत समजावलं. मी कॉलेजात जाऊन जे शिकले नाही ते तिला येत होतं. ती म्हणाली, पप्पा मिक्सरने उठत नाहीत, शेजारच्या एम्ब्रॉयडरी मशीनने उठत नाहीत. चमचा पडला की उठतात. म्हणजे सतत चालणारा आवाज चालेल, अचानक होणारा नाही. भिंतीपासून बारा पावलं लांब खेळायचं. चपला शेडमागे ठेवायच्या. पत्र्याला कोणी टेकायचं नाही. डबे कापडात बांधून ठेवायचे. बादली भरताना नळाखाली कापड धरायचं, म्हणजे धार वाजत नाही.

"और झंडा?" कोणीतरी कुजबुजलं.

"हवेत फडफडतो," गोलूने सांगितलं आणि घडी करून माझ्या हातात दिला.

कबड्डीला सर अडले. दम धरला की नाही हे आवाजाशिवाय कळणार कसं? गिरणा गटातल्या एका मुलीने खिशातून जॉर्जेटची कातरण काढली, बोटभर रुंद, वीतभर लांब. चढाई करणाऱ्याने ती ओठांसमोर धरायची. श्वास बाहेर जातोय तोवर ती थरथरते. थांबली की दम तुटला, बाद. "घरी असंच खेळतो," ती म्हणाली. चाळीस वर्षं कबड्डी शिकवलेले बोरसे सर ती कातरण हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

कठीण गेलं ते सरांनाच. पोरं पडत होती, धावत होती, पाण्याने भिजत होती, तोंडं उघडून हसत होती, आणि ऐकू येत होती फक्त अनवाणी पायांची घसर. सर मात्र सवयीने "अरे शाब्बा..." म्हणायला जायचे आणि धनश्री नुसती त्यांच्याकडे बघायची. एकदा त्यांना शिंक आली. त्यांनी टॉवेलमध्ये डोकं खुपसलं, चार मुलं धावत जाऊन वरून त्यांना बिलगली, आणि ती शिंक त्या सगळ्यांच्या मधेच विरली. सर डोकं वर काढून पुटपुटले, "ह्या वयात मला शिस्त लावतात कार्टी."

अकराच्या सुमारास गल्लीत कांदे-बटाट्याची लारी आली, भोंगा लावलेली. मी गेटाकडे धावेपर्यंत गोलू आणि दोन मुलं पोचली होती. तिघांनी रस्त्यात उभं राहून हात जोडले, मग गालाखाली हात घेऊन झोपल्याची खूण केली. लारीवाला गोंधळला. पण त्याने भोंगा बंद केला, आणि लारी ढकलत, आमच्याकडे वळून वळून बघत, गल्ली पार केली.

शेवटी रस्सीखेच. तापी-अंबिका एका बाजूला, गिरणा-पांझरा दुसऱ्या बाजूला. धनश्रीने हात खाली आणला आणि दोन्हीकडून दोर ताणला गेला. पन्नास लाल चेहरे, फुगलेल्या शिरा, दातांत दाबलेले ओठ. दोराचा करकर आवाज मला ऐकू येत होता. मी आयुष्यात इतका जोर आणि इतकी शांतता एका जागी पाहिली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. आणि तेवढ्यातच पांझराची सात वर्षांची एक मुलगी घसरली, गुडघा फुटला. तिने तोंड उघडलं, पूर्ण, रडायला, आणि आवाज काढलाच नाही. तसंच उघडं तोंड घेऊन ती माझ्याकडे आली आणि माझ्या पोटात चेहरा दाबून रडली. तिच्या अंगाचे हिसके मला जाणवत होते. तेव्हा अभिमानाच्या जागी दुसरं काहीतरी आलं. पोरांना हे इतकं चांगलं यावं का, हा प्रश्न मला पडला. अजून आहे. संपादक काकांनी लेखाला शेवटी विचार हवा असं सांगितलं होतं. पण ह्या प्रश्नावर माझ्याकडे विचार नाही. धनश्रीला ओरडायला लावणं चूक होतं एवढंच नक्की कळलं आहे.

बारा वाजले. मुलं चपला हातात घेऊन, एकेक करून गेटाबाहेर गेली. मी आणि धनश्री वळसा घालून तिच्या दाराकडे निघालो. रात्रीच मी वाक्य ठरवून ठेवलं होतं. "भाऊ, मला माहीत असून मी चुकले. माफ करा." वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं, आवाज नीट निघतोय का ते बघायला. निघत होता.

तिची आई ओट्यावरच होती. मला बघून तिने कात्री असलेला हात वर केला. थांब. मी पायरीवर थांबले.

दार लोटलेलं होतं. आतून पंख्याचा आवाज येत होता आणि त्याच्या खालून घोरणं. खोल, संथ, बिनघोर.

"सकायपासून एकदाबी कूस नही बदली," तिची आई कुजबुजली. एकदाही कूस बदलली नव्हती. धनश्रीने आईच्या मांडीवरची साडी बाजूला सारली, तिथे डोकं टेकलं आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

आम्ही तिघी ओट्यावर बसून भाकरी-चटणी खाल्ली, न बोलता. ते चारपर्यंत झोपले असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. रात्री कामावर गेले. ती पाळी नीट झाली, पुढच्याही. शिबिर तीन आठवडे पूर्ण चाललं.

माझी माफी मात्र राहिली आहे. त्यांची दिवसपाळी असते तेव्हा ते घरी नसतात. रात्रपाळी असते तेव्हा कॉलेज सुटल्यावर मी कधीकधी मुद्दाम त्या गल्लीतून जाते. वाक्य पाठ आहे, आवाजही आता बरा निघतो. पण दार लोटलेलं असतं आणि आत रतनभाऊ झोपलेले असतात. मी दोन मिनिटं पायरीपाशी उभी राहते, आणि कडी न वाजवता पुढे जाते.